गवताखालचं पाणी

शिरूर,
ता. ११ डिसेंबर १९७७

ती. दादास,
अंजनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण आमच्या दारी महिनाभर जत्रा भरली होती. तुझे मेहुणे पोपटराव कुवेतहून सुट्टीवर आले होते, ते परवा परत गेले. तिकडून येताना माणसं रेडिओ आणतात, घड्याळं आणतात, साड्या आणतात. आमच्या माणसानं गवत आणलं.

खरं गवत नव्हे. प्लॅस्टिकचं, हिरवंगार, पाठीला रबर लावलेलं आणि सतरंजीसारखं गुंडाळलेलं. तिकडे वाळूत काही उगवत नाही म्हणून साहेबलोक बंगल्यापुढं हे पसरतात म्हणे. उरलेला तुकडा कंपनीनं ह्यांना दिला. मी म्हटलं, माझ्या शाळेला देऊन टाकू, पोरं लोळतील तरी. पण ह्यांच्या मनात एकच होतं, की दाराचं अंगण हिरवं करायचं आणि माझं आणि शेवंताकाकींचं सारवण कायमचं सोडवायचं.

शेवंताकाकी तुला आठवत असतील. ह्यांची चुलती, लग्नात पंगतीवरून तुझ्याशी भांडल्या त्या. सासूबाई ह्यांना तान्हं टाकून गेल्या तेव्हापासून ह्यांना त्यांनीच वाढवलं, त्यामुळे त्यांना माझी चुलत सासू म्हण नाहीतर सख्खी म्हण, धाक तेवढाच. त्यांची खोली आमच्या अंगणाला लागून आहे, मधे फक्त त्यांच्या खोलीची भिंत. पोराची वस्तू उघड्या मातीवर घालायची नाही, असं ठरवून त्यांनी आधी दोन दिवस अंगण चोपण्यानं बडवून काढलं आणि वर शेणाचा जाड हात दिला. अंगण पाटीसारखं गुळगुळीत झालं. त्यावर ह्यांनी गवत पसरलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेनं विटा सिमेंटात बसवल्या.

आता रोज कुणी ना कुणी बघायला येतं. गल्लीतल्या शेरडांनी पहिल्या दिवशी तोंड लावून पाहिलं आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, की जणू मीच त्यांना फसवलं.

वहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापा. माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
अंजना

दौंड,
ता. २० डिसेंबर १९७७

चि. सौ. अंजनास,
ज्ञानूदादाचे अ. आ. व जयभीम.

पत्र पावलं. शेरडांना दोष देऊ नकोस. तुझं पत्र मी आमच्या रूळदुरुस्तीच्या कचेरीत वाचून दाखवलं, तर रेल्वेचे हॉकीवालेही तुझ्या अंगणावर तोंड टाकायला निघाले आहेत. परदेशात आता अशाच गवतावर सामने होतात म्हणे. अंगणाची लांबी-रुंदी कळव, गोल कुठं ठोकायचा ते ठरवू. शेवंताकाकींना गोलात उभं केलं तर चेंडू आत जाईल असं मला वाटत नाही.

आमचे साहेब मात्र वेगळेच. त्यांना काहीही दाखवा, जावयाचं नवं घर दाखवा नाहीतर पुलाचा नकाशा दाखवा, पहिला प्रश्न एकच, पाणी कुठं जातं. तुझ्या गवताबद्दलही त्यांनी तेच विचारलं. मी म्हटलं, साहेब, शिरूरला मुळात पाणी असतं कुठं जायला.

तुझी वहिनी म्हणते, की सारवणातून सुटलीस तर आता रविवारी दौंडला यायला सबब उरली नाही. तिचं म्हणणं मनावर घे. पोपटराव सुखरूप पोचल्याचं कळलं की कळव. आमचा जीव तुझ्यात आहे, तुझा इकडे थोडा असू दे.
तुझा,
ज्ञानूदादा

कुवेत,
ता. १६ एप्रिल १९७८

चि. सौ. अंजनास,
पोपटचे आशीर्वाद. काकीला शि. सा. नमस्कार व जयभीम.

मी मजेत आहे. उन्हाळा सुरू झाला, लोखंडाला हात लावला तर चटका बसतो. हल्ली आमचं काम तेलाच्या टाक्यांवर असतं, वर उंचावर. मागच्या आठवड्यात माझ्या जोडीचा केरळचा गडी शिडीवरून घसरला. पाय मोडला, पण जीव वाचला. मी कमरेला पट्टा बांधल्याशिवाय चढत नाही, तेव्हा काळजी करू नकोस. एवढा मजकूर काकीला वाचून दाखवू नकोस.

इथल्या पोरांना मी सांगतो, माझ्या घरापुढं बारमाही हिरवळ आहे. कुणाला खरं वाटत नाही. गवताचा फोटो काढून पाठव. त्यावर काकीला बसव, आणि हसायला सांग. आता सारवायचं नाही, चोपायचं नाही, नुसतं पाणी मारायचं की काम झालं, हेही तिला पुन्हा सांग. ऐकणार नाही, तरी सांग.

पुढची सुट्टी पुढच्या दिवाळीआधी मिळत नाही. तोवर दोघी एकमेकींना सांभाळा आणि मला विसरू नका.
तुझा,
पोपट

शिरूर,
ता. ९ जून १९७८

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझ्या साहेबांना माझा नमस्कार सांग. पाणी कुठं जातं ते आता मी सांगू शकते. कुठंच जात नाही.

वळवाचे दोन पाऊस झाले. वरून पाहावं तर अंगण झकास हिरवं, आणि पाय ठेवला की चबक आवाज येऊन घोट्यापर्यंत पाणी उडतं. आठ दिवसांत असा कुबट वास सुटला, की येणारा-जाणारा नाक धरून पुढं जातो. बेडकांनी बिऱ्हाड केलं आहे. आधी मला वाटलं, रबराला भोकं कमी असतील. दाभण घेऊन दोन दुपारी भोकं पाडत बसले. नंतर कडेच्या विटा काढल्या. वरचं पाणी निघून गेलं, खालचं तसंच राहिलं. एक कोपरा उचलून पाहिला तेव्हा डोक्यात उजेड पडला. भोकांतून पाणी खाली उतरतं, पण खाली काकींनी चोपून सारवलेली जमीन आहे. त्यांच्या हातचं अंगण घागरीसारखं आहे, थेंब पीत नाही. ज्या अंगणाची गल्लीत वाहवा व्हायची, त्यानंच घात केला.

ह्यांना फोटो हवा होता, तो मी पाऊस पडण्याआधीच काढून पाठवला. त्यात काकी गवतावर बसल्या आहेत, पण हसलेल्या नाहीत. ह्यांच्या पत्रातला टाकीवरचा मजकूर मी गाळून वाचत होते, तर मधेच अडखळले आणि काकींनी बरोबर पकडलं. मग सगळं वाचावं लागलं. तेव्हापासून त्या कमी बोलतात. गवताच्या वासाबद्दलही एक शब्द काढत नाहीत, संध्याकाळी नुसती कडुनिंबाची धुरी करतात.

गवत काढून टाकावं असं वाटतं, पण ह्यांनी दहाजणांना सांगितलंय. काय करू ते लवकर लिही. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
अंजना

दौंड,
ता. १४ जून १९७८

चि. सौ. अंजनास,
अ. आ. व जयभीम.

सारा शिरूर तालुका पाणी दे म्हणतो आणि माझी बहीण पाणी ने म्हणते. असो. साहेबांना विचारलं. त्यांना मनापासून आनंद झाला.

त्यांचं म्हणणं असं. रुळाखाली आम्ही खडी टाकतो ती नुसती भार पेलायला नाही, पाणी रुळाखाली थांबू नये म्हणूनही असते. माती पाणी धरते, खडी सोडते. तेव्हा गवत गुंडाळून बाजूला ठेव. चोपलेलं अंगण कुदळीनं फोड आणि हातभर खोल माती काढून टाक. त्यात खाली जळक्या कोळशाची खडी भर. इथं इंजिनाच्या शेडजवळ तिचे डोंगर पडले आहेत, उचलून नेणाऱ्याचे आभार मानतात. मी न्हावऱ्यावरून शिरूरला जाणाऱ्या ट्रकमध्ये पोती चढवून देतो. तिच्यावर बारीक मुरूम, त्यावर वाळूचा हात, आणि मग गवत. पाणी असं खाली जाईल, की गेलं कुठं म्हणून तू शोधत राहशील.

अंगणावर कुदळ पडेल तेव्हा काकींना शेजारीपाजारी कुठंतरी बसायला पाठव. स्वतःच्या हातचं अंगण फुटताना पाहवत नाही माणसाला. पोपटरावांचा पट्टा घट्ट आहे हे त्यांना चार वेळा सांग. खुशाली कळवत राहा, आमची माया गृहीत धर.
तुझा,
ज्ञानूदादा

शिरूर,
ता. १२ ऑगस्ट १९७८

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आधी चांगलं सांगते. तुझी कोळशाची खडी भरली, मुरूम-वाळू टाकली, गवत पुन्हा अंथरलं. जुलैत मोठे पाऊस झाले, पण पाणी टिकलं नाही. वास गेला, बेडूक गेले. शाळेत मी तुझं नाव घेऊन ऐट मारली.

आता दुसरं. मागच्या आठवड्यात काकी ज्वारीची मडकी एकेक करून बाहेर आणत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, पोरकिडे झालेत, ऊन देते. ऊन कुठं होतं? मी मडकं उचलायला म्हणून त्यांच्या खोलीत गेले. अंगणाकडची भिंत गुडघ्याच्या वरपर्यंत ओली होती. कच्च्या विटा आणि पांढरी माती, बोट लावलं तर आत जातं. त्यांच्या छपराचं आढं त्याच भिंतीवर आहे आणि त्यांचं अंथरूण तिच्या पायाशी. किती दिवसांचं आहे विचारलं तर त्या पुढचं मडकं उचलू लागल्या. सांगितलं का नाही म्हटलं, तर एवढंच म्हणाल्या, की पोराच्या वस्तूला नाव कुणी ठेवावं.

म्हणजे पाणी खाली गेलं आणि तिकडे सरकलं. पूर्वी ते अंगणावरून वाहत काकींच्या खोलीलगतच्या बोळातून गल्लीच्या गटारात जायचं. आपण अंगणाला खोल केलं, आणि बोळ राहिला वर. समोरचा रस्ता तर त्याहून उंच. बोळ खणून खालून नळ टाकला, तर पाण्याला वाट मिळेल, दुसरी वाट नाही. म्हणून मी दोन गडी आणले. काकी बोळाच्या तोंडाशी पाट टाकून बसल्या आणि बोळाला खोरं लावायचं नाही म्हणाल्या. मी म्हटलं, तुमच्याच भिंतीसाठी आहे. तर म्हणाल्या, भिंत माझी आहे. गडी चहा पिऊन गेले.

गल्लीत बोलतात, की म्हातारीला वाटतं तुम्ही नळाच्या निमित्तानं बोळ घशात घालाल. मलाही तसंच वाटलं. शेवटी भाऊबंदकी, दुसरं काय. काल राग अनावर होऊन मी त्यांना तोंडावर तसं म्हटलं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठून आत गेल्या आणि माझ्या वाटणीची भाकरी झाकून बाहेर आणून ठेवली.

ती भाकरी मी अजून उघडलेली नाही. लवकर लिही.
तुझी,
अंजना

दौंड,
ता. १८ ऑगस्ट १९७८

चि. सौ. अंजनास,
अ. आ. व जयभीम.

चूक माझी आणि साहेबांची मिळून आहे. पाण्याला खाली जा म्हणून सांगितलं, पुढं कुठं जा ते सांगितलं नाही. रुळाच्या दोन्ही बाजूंना उताराची जमीन असते, तुझ्या अंगणाच्या बाजूला माणसं राहतात, हे आमच्या ध्यानात आलं नाही. साहेब दोन दिवस खट्टू आहेत.

गवत काढून टाकलं तर, असं तुझ्या मनात येईल. त्यानं आता काही होणार नाही. फोडलेलं अंगण उघडं असो की झाकलेलं, पाणी पिणारच. परत माती भरून चोपावं तर पावसाळ्यात ओली माती चोपली जात नाही, चिखल होतो. तेव्हा बोळ खणणं हाच उपाय, आणि तो भादव्याचा पाऊस लागण्याआधी. आपल्याकडे खरा पाऊस तेव्हाच येतो. तोवर काकींच्या आढ्याला दोन बल्ल्यांचा टेकू दे आणि त्यांना तुझ्या घरात झोपायला आण.

पोपटरावांना सध्या लिहू नकोस. उंचावर काम करणाऱ्याच्या डोक्यात घरची भिंत घालू नये.

आणि एक. बोळावर हक्क सांगणारं माणूस आपली भिंत पडू देत नाही, भिंत आधी धरून ठेवतं. हे प्रकरण भाऊबंदकीचं नाही. काहीतरी निराळं आहे. विचार, पण मास्तरीणबाई होऊन विचारू नकोस. खुर्ची सोडून जमिनीवर बस आणि विचार.

वहिनी तुझ्यासाठी काळजी करते, मी करत नाही असं दाखवतो. स्नेह आहेच.
तुझा,
ज्ञानूदादा

शिरूर,
ता. १३ सप्टेंबर १९७८

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तू म्हणालास तशी जमिनीवर बसले. शेंगा फोडत फोडत विचारलं. काकींनी सांगायला सबंध सूपभर शेंगा घेतल्या.

हे जन्मले त्या साली सासूबाईंच्या खोलीचं छप्पर उतरवलेलं होतं, म्हणून बाळंतपण काकींच्या खोलीत झालं. ह्यांची वार, नाळेसोबत पडलेली, काकींनी स्वतः बोळात पुरली, वर एक चपटा दगड ठेवला. पुढं बोळात भराव पडला, दगड खाली गेला, आता नेमकी जागा त्यांनाही सांगता येत नाही. म्हणून सगळाच बोळ राखायचा. पुरलेली वार उकरली की पोराला इजा होते, असं त्यांच्या सासूनं त्यांना सांगितलेलं. एरवी त्यांनी ते मनावर घेतलंही नसतं. पण ते टाकीवरचं पत्र मी वाचलं ना. मला म्हणाल्या, "त्यो तिकडं टाकीला लोंबकाळतोय, आन् मी हितं त्येची वार उकरू व्हय?"

दादा, छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा सगळ्या वस्तीआधी देव्हाऱ्यातले टाक घोडनदीत सोडून आलेली ही बाई. मी तेच बोलून दाखवलं. म्हटलं, देव सोडले आणि हे धरून बसलात? त्या म्हणाल्या, "देव सोडलं. प्वार न्हाई सोडलं."

वर्गात चाळीस पोरांना उत्तरं देणारी मी, मी कान धरले. माफ करा म्हटलं, तर म्हणाल्या, शेंगा संपल्या, ऊठ.

टेकू दिला आहे, पण भिंतीला आता पोट आलं आहे. आमच्याकडे झोपायला त्या येत नाहीत. माझं आयुष्य या खोलीत गेलं, बाकीचंही इथंच जाऊ दे म्हणतात. ओढून आणणार कसं? म्हणून कालपासून मी माझी खाट त्यांच्या खोलीत नेऊन टाकली आहे, भिंतीला लागून. त्या खूप बोलल्या. मी म्हटलं, तुम्ही जिथं तिथं मी, माझ्या नवऱ्यानं दोघींनी एकमेकींना सांभाळा असं लिहिलंय. पाऊस सुरू झाला आहे. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू. पण त्या एकट्या तिथं आणि मी पत्र्याखाली कोरडी, हे मला जमणार नाही.

रागावू नकोस, आणि तुझी माया काढून घेऊ नकोस.
तुझी,
अंजना

दौंड,
ता. १६ सप्टेंबर १९७८

चि. सौ. अंजनास,
अ. आ.

रागावलो आहे. सोमवारी दोन माणसं आणि सिमेंटचे नळ घेऊन येतो. बोळाचं काय ते काकींच्या पाया पडून ठरवू. नाहीच ऐकलं तर दोघींना खाटेसकट उचलून बाहेर ठेवू. तोवर तरी त्या भिंतीपासून खाट लांब ओढ. कार्डावर जागा नाही, नाहीतर आणखी रागावलो असतो.
ज्ञानूदादा

शिरूर,
ता. २१ सप्टेंबर १९७८

चि. पोपटास,
शेवंताकाकीचा आशीर्वाद आन् जयभीम.

कागद अंजना लिवती हाय. मी बोलंन तसंच लिवायचं, शाळंतलं करायचं न्हाई, आसं तिला बजावलंय. तिचं नाक लाल झालंय, पर लिवती हाय.

तुझं गवत ब्येस हाय. मला पायाला टोचतं, म्हून मी कडंनं जाते. त्येच्याखालचं पाणी माझ्या भितीत शिरलं. कुणाचा गुन्हा न्हाई. म्या आंगण लई चोपलं, हिच्या भावानं ते फोडाय लावलं, आन् पाणी बिचारं वाट घावंल तिकडं गेलं. त्येला बोळातनं काढायचं हुतं, तर म्या काढू दिलं न्हाई. बोळात तुझी वार हाय. तू माझ्या खोलीत झालास, तवा म्याच ती पुरली. तू तिकडं टाकीवर चढतोस, तवा हितं तिला हात लावायचा न्हाई, आसं म्या ठरिवलं. भित पडली तर पडू दे. माझं काय राह्यलंय आता.

पर तुझी बायकू माझ्यावानी हट्टी हाय. खाट आणून माझ्या भितीखाली टाकली. ऊठ म्हनलं तर उठंना. शिव्या दिल्या, तरी न्हाई. ऐतवारी दुपारी पाऊस धरून हुता. पोरांच्या वह्या तपाशीत तपाशीत तिचा डोळा लागला. तवाच भितीचं ढेकूळ सुटलं आन् तिच्या उशाला पडलं. डोक्यापास्नं वीतभर. तिला जाग बी आली न्हाई. म्या ते उचललं, आन् हातात धरून बसले.

लेका, मला कळंना कुणाला राखू. तू लांब हायस. तितं माझा हात पोचत न्हाई. ही हाताशी हुती.

मग उठले आन् खोरं घेतलं. पावसातच बोळ खणला. ही जागी झाली आन् धावत आली, तर तिला बी हात लावू दिला न्हाई. तुला लागंल म्हून जपून खणलं. आधी खुरप्यानं उकरायचं, मग हातानं चाचपायचं, मगच खोरं मारायचं. दुसऱ्या दिशी हिचा भाऊ दौंडहून आला, तवर गटारापतूर चर झाला हुता. त्येनं नळ घातलं, खडी भरली. मंग माझं पाय धरलं. पाणी आता गटारात जातंय. भितीला त्येनं पक्क्या इटांचा आधार दिलाय. मी निजते अंजनाकडं, भित वाळंपतूर.

बोळात काय बी निघालं न्हाई रे. दगड बी घावला न्हाई. नुसती माती. अंजना म्हनती, येवढ्या वर्सांत त्येची मातीच झाली आसंल. आसंल. पर मंग त्या मातीतच खोरं मारलं की म्या.

तवापास्नं माझं ध्यान ठिकाणावर न्हाई. ऐतवारी दुपारी तू कुठं हुतास? वर चढला हुतास का? पट्टा बांधला हुतास का? अंजना मला समजावती, पर तिला बी झोप न्हाई, ती सांगत न्हाई येवढंच. हे तिला लिवायचं नव्हतं, म्या लिवाय लावलं.

कागद मिळाल्या मिळाल्या जबाब टाक. गवताचं, पगाराचं काय बी नगं. नुसतं मी हाय, येवढंच लिव. आन् सोताच्या हातानं लिव, दुसऱ्याकडनं लिवून घेऊ नगंस. तुझं अक्षर मला वाचता येत न्हाई, पर वळखता येतं.

शेवंताबाई
(डाव्या हाताचा अंगठा)